हद्द ओळखणारी माती

मोरीतून एकदम ‘सुर्र’ असा आवाज आला.

त्याआधी तासभर घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, सून जमिनीवर कागद पसरून पेन्सिलीला टोक काढत होती, आणि दोघींच्या मधोमध दीड वर्षाचं बाळ हातपाय पसरून झोपलं होतं, जणू दोघींनी आखून घेतलेली हद्दच. भांडणाचा विषय सकाळपासून एकच होता: चौदा नंबरचा भूखंड.

आवाज ऐकून सून मोरीत धावली. आठ वर्षांची बिट्टी भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या पुढ्यात पत्र्याचा मग. खाली जाळ नाही, शेगडी नाही, आणि मगातलं पाणी मात्र दुधासारखं पांढरं होऊन खदखदत होतं.

“आई, मी काहीऽही केलं नाही,” बिट्टी म्हणाली. म्हणजे तिने नक्की काहीतरी केलं होतं.

“हात लावू नकोस! मागे हो आधी.”

तोवर सासूबाई दारात आल्या. मगातून वर येणारी वाफ बघून त्यांनी चौकट घट्ट धरली.

“आली,” त्या म्हणाल्या. “घरात आली ती माती. मी सांगत नव्हते? त्या जमिनीवर रेघा कोणी मारल्या? तूच ना? आता पत्ता शोधत आली बघ.”

“ती नाही आली, आजी,” बिट्टी पुटपुटली. “मीच आणली. खिशातून.”

*

हा ‘सुर्र’ गावाला नवा नव्हता. आदल्याच दिवशी, रविवारी, निम्म्या गावाने तो कान देऊन ऐकला होता.

त्या सकाळी चौदा नंबरच्या भूखंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार शटर अर्धं ओढून आले होते, बाजारातल्या बायका हातगाड्यांवर फडकी टाकून आल्या होत्या, पोरं कुंपणावर चढून बसली होती. मधोमध मातकट रंगाचा पायघोळ अंगरखा घातलेला एक गृहस्थ पालथा पडून डॉक्टरची नळी जमिनीला लावून ऐकत होता. मधूनच मान हलवत होता. एकदा तर त्याने हळहळून “अरेरे” असंही म्हटलं.

मग तो उठला आणि गुडघे झटकत म्हणाला, “मी बाबा नाही. मी बुवा नाही. मला चमत्कार येत नाहीत. मी नुसता मातीचा दुभाष्या. ती बोलते, मी सांगतो. माझं काय आहे त्यात?”

त्यात त्याचं काय होतं ते पुढे कळेलच. लोकांना मात्र ही नम्रता फार आवडली. तोवर ‘दुभाषीमहाराज’ हे नाव गर्दीत पसरलंही होतं.

“महाराज, काय म्हणते माती?” पुढच्या रांगेतून एकाने विचारलं. विचारणारा महाराजांच्याच गाडीतून उतरला होता, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“ती म्हणते, मला लहान पावलांचा भार सोसत नाही.”

गर्दी हळहळली. ज्या गावाच्या रस्त्यांची मालट्रकांनी चाळण करून टाकली होती, त्या गावाच्या मातीला दुडदुडणाऱ्या पोरांचं ओझं होत होतं, आणि हे कोणाला जराही खटकलं नाही.

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” महाराज म्हणाले. “तिलाच विचारू या. खोटं असेल तर ती गप्प बसेल.”

चेल्याने किटली पुढे केली. महाराजांनी भूखंडाच्या पहिल्या कोपऱ्यावर पाण्याची धार धरली. काहीच झालं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. महाराजांनी डोळे मिटून हात वर केला.

“आठवतेय ती. किती युगांचं साठलंय तिच्या पोटात! तुम्हाला जन्माला यायला नऊ महिने लागले, तिला नऊ श्वास तरी द्या. मोजा!”

लोकांनी मोजले. सातव्या श्वासाला जमीन कुजबुजली, आठव्याला फुगली, आणि नवव्याला सुर्रकन वाफ सोडत तडकली. पुढची रांग किंचाळत मागच्या रांगेच्या पायांवर चढली. असे एकामागून एक चारही कोपरे बोलले. मग महाराजांनी जुन्या दगडी टाकीजवळच्या कोपऱ्याच्या दोन पावलं पलीकडे, हद्दीबाहेर, तेच पाणी ओतलं. तिथली माती ढिम्म.

“बघितलंत? हद्दीबाहेर शांत. कागद माणसाचा असतो, पण हद्द मातीला ठाऊक असते!”

“पुन्हा एकदा तिथेच ओता की, महाराज,” कुंपणावरचं एक कार्टं ओरडलं.

“एकदा बोललेली माती पुन्हा बोलत नाही, बाळा. तेच तेच बोलायला ती काय तुझी मास्तरीण आहे?”

गर्दी खो खो हसली. कार्टं गप्प झालं. प्रश्न चांगला होता, पण हशात बुडाला.

तेवढ्यात नगर परिषदेचे उपाध्यक्ष गर्दीतून वाट काढत पुढे झाले. या भूखंडावर पाळणाघर आणि मुलांचं मैदान व्हायचं होतं, तसं आरक्षण होतं. आता लोकभावनेचा मान राखून ते रद्द करावं आणि मातीची शांती होण्यासाठी जागा महाराजांच्या मृदाशांती केंद्राला नव्याण्णव वर्षांसाठी द्यावी, असा ठराव बुधवारच्या सभेत आपण मांडू, असं त्यांनी जाहीर केलं. ठरावाचा कागद त्यांच्या खिशात होता. उत्स्फूर्त लोकभावनेचा कागद आदल्या दिवशीच टाइप होऊन तयार होता, हेही त्या दिवशी कोणाला दिसलं नाही.

मागे, बाळाला कडेवर घेऊन, बिट्टीचा हात धरून आणि सासूबाईंच्या शेजारी ती उभी होती. ती नगर परिषदेच्या नियोजन विभागात नकाशे काढायची. गाव तिला नकाशेवाली म्हणायचं.

“हीच ती,” कोणीतरी म्हणालं. “हिनेच आखलंय सगळं.”

“लेकुरवाळी असून अक्कल नाही.”

पुढच्या रांगेतून लंगडत आलेली एक बाई तिच्या पायाशी थुंकली. ती बाई अनोळखी नव्हती. बाजारात फळं विकायची आणि आपल्या रांगत्या पोराला लांब फडक्याने हातगाडीच्या चाकाला बांधून ठेवायची. तेच पोर आठवून नकाशेवालीने पाळणाघराच्या आराखड्यात खिडक्या जमिनीपासून हातभर उंचीवर घेतल्या होत्या. रांगणाऱ्याला बाहेरचं दिसावं म्हणून.

तिच्या स्वतःच्या घरातही वेगळं नव्हतं. नवरा परगावी कामाला, पंधरवड्याने यायचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले. मागच्या महिन्यात बाळ उघड्या दारातून जिन्यापर्यंत गेलं होतं. वरच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होतं म्हणून वाचलं. पाळणाघर झालं नाही, तर नोकरी सोडायची किंवा रोज ऑफिसात बसून त्या जिन्याचा विचार करायचा, एवढे दोनच रस्ते होते.

*

“कुठून उचललास हा दगड?” मोरीत तिने बिट्टीला विचारलं.

“तिथूनच. दगडी टाकी आहे ना जुनी, तिच्याजवळच्या कोपऱ्यातून. काल सगळे किंचाळत होते तेव्हा. पांढरे होते, छान होते, म्हणून चार घेतले.” तिने फ्रॉकच्या खिशातून उरलेले तीन खडे काढले. बोटांची टोकं लाल होऊन सोलवटली होती. “खिशात हात घातला की चुरचुरतं.”

आईने आधी ते हात नळाखाली धरले आणि बराच वेळ धुतले. मग एक खडा फडक्यात धरून नाकाशी नेला.

त्या वासासरशी ती बिट्टीएवढी झाली. तिचे वडील घरं रंगवायचे. अंगणात लोखंडी पिंप असायचं, त्यात ते असेच पांढरे दगड टाकायचे आणि लांबून पाणी ओतायचे. पिंप गुरगुरायचं, वाफा सोडायचं. “लांब राहा गं,” ते म्हणायचे. “फार तहानलेला असतो हा. डोळ्यात उडाला तर डोळा जाईल.” त्यांच्या टाचांना कायम भेगा. संध्याकाळी ती त्यांत तेल भरायची. भेगांना हाच वास यायचा.

“आई, इकडे या,” तिने सासूबाईंना हाक मारली. “आणि घाबरू नका.”

तिने खडा बशीत ठेवला आणि वरून चमचाभर पाणी घातलं. काही झालं नाही. सासूबाई तोंड उघडणार, तोच खडा कुजबुजला, फुगला, तडकला आणि वाफ सोडून पिठासारखा भुसभुशीत झाला.

“हा कळीचा चुना आहे. भट्टीत भाजलेला. पाणी मिळालं की असाच तापतो. माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं, पण त्यांना कोणी महाराज म्हटलं नाही.”

सासूबाईंनी बोटाने बशी जरा लांब सारली. बाई देवभोळी असेल, पण बुद्धीने आंधळी नव्हती.

“तुझ्या बशीतला चुना, हे कळलं,” त्या म्हणाल्या. “पण महाराजांनी मातीत तोच पुरला होता कशावरून? पोरीने रस्त्यावरून उचलला असेल.”

महाराजांसमोर उभ्या असलेल्या हजार माणसांपैकी एकानेही ‘कशावरून’ म्हटलं नव्हतं. सुनेला पहिल्यांदाच सासूबाईंचा अभिमान वाटला.

“उद्या बघून येते,” ती म्हणाली.

*

मंगळवारी सकाळी ऑफिसच्या आधी ती भूखंडावर गेली. बिट्टी खुरपं घेऊन बरोबर. दगडी टाकीजवळच्या कोपऱ्यात वीतभर उकरलं तर खाली पांढरा लगदा. अजून बाजूला उकरलं, तर जिथपर्यंत पाणी पोचलं नव्हतं तिथे सुके, टणक खडे. तिने ते दुधाच्या पावडरच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. पुन्हा बोलायला माती तयार होती. महाराजांनाच तिला पुन्हा बोलू द्यायचं नव्हतं.

परत निघताना ती सवयीने पावलं मोजू लागली. नकाशे काढणाऱ्या माणसाची ही खोड जात नाही. तिचं पाऊल पाऊण मीटरचं होतं, ना कमी ना जास्त. नोंदवहीत भूखंडाची लांबी साठ मीटर, म्हणजे टाकीपासून पश्चिमेच्या कुंपणापर्यंत ऐंशी पावलं व्हायला हवीत.

शहाण्णव झाली.

“चुकलीस,” बिट्टी म्हणाली.

ती पुन्हा चालली. पुन्हा शहाण्णव. मग कुंपणापासून उलट ऐंशी पावलं मोजून ती थांबली आणि पायाने गवत बाजूला केलं. हद्दीचा दगड तिथे होता. टाकीच्या सोळा पावलं अलीकडे.

ती त्या दगडापाशीच उकिडवी बसली.

पाच वर्षांपूर्वी रस्ता रुंद करण्यासाठी या भूखंडाची सोळा पावलांची पट्टी काढून घेतली होती. रस्ता काही रुंद झाला नाही, पण पट्टी कागदोपत्री रस्त्याची झाली, आणि हद्दीचा दगड आत सरकला. ऑफिसात दोन्ही नकाशे होते, जुना आणि नवा. बिट्टीला घरी सोडून ती जवळजवळ धावतच ऑफिसात पोचली आणि दोन्ही गुंडाळ्या टेबलावर उलगडल्या. बुधवारच्या सभेत पाळणाघराचा विषय आधीपासूनच होता; त्या कागदांसोबत जोडायला तिने ज्या आठवड्यात नकाशा उतरवला, त्या आठवड्यात बाळाला ताप होता. रात्रभर जागून ती कामावर आली होती. आणि तिने उतरवला होता जुना नकाशा. त्यात पूर्वेची हद्द दगडी टाकीला लागून होती. सोळा पावलं चुकीची.

तो नकाशा सात जणांकडे गेला होता. बुधवारी मत देणार असलेल्या समितीच्या सात सदस्यांकडे. जगात आणखी कोणाकडेही ती चूक नव्हती.

ती खुर्चीत बसली. हळूहळू तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता भीतीही वाटायला लागली. महाराजांच्या मातीने पूर्वेचे दोन्ही कोपरे रस्त्याच्या पट्टीत उकळून दाखवले होते. मातीला हद्द ठाऊक नव्हती. मातीला नकाशेवालीची चूक ठाऊक होती.

*

“मग सांग ना सभेत,” सासूबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या. आता दोघी एकाच बाजूला बसल्या होत्या.

“मला बोलता येत नाही, आई. कर्मचाऱ्याने सभेत तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. एकच सूट आहे. स्वतःच्या कागदात चूक असेल, तर ती सांगायला उभं राहता येतं. ती दुरुस्ती लिहून होईपर्यंत कोणी थांबवू शकत नाही.”

सासूबाई पुढे सरकल्या. “म्हणजे सगळ्या गावासमोर स्वतःची चूक सांगितलीस, तरच बोलता येणार?”

“हो.”

“आणि नोकरी?”

 बाळ तिच्या मांडीवर चढून दुधाच्या पावडरचा डबा मागत होतं. तिने डबा उंच फळीवर ठेवला.

“गप्प बसलीस तर पाळणाघर जाणार, म्हणजे नोकरी तशीही जाणारच,” सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. “बोलून जाऊ दे. मी येते बरोबर. ती थुंकणारी कुठे बसते तेही बघते.”

*

बुधवारी सभागृह पहिल्या मजल्यावर असूनही जिन्यापर्यंत भरलं होतं. भिंतींना ओल येऊन रंगाचे पोपडे सुटले होते, पंखे नुसता आवाज करत होते. नकाशेवाली फळ्याशेजारी उभी होती. मागच्या रांगेत सासूबाई, मांडीवर बाळ, शेजारी बिट्टी. पहिल्या रांगेत दुभाषीमहाराज, गळ्यात नळी.

उपाध्यक्षांनी ठराव वाचला. टाळ्या झाल्या. अध्यक्षबाई कडक शिस्तीच्या होत्या. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मतदानाआधी कागदांत काही दुरुस्ती?”

हा प्रश्न दर सभेत विचारला जातो आणि दर सभेत कोणी उत्तर देत नाही.

“आहे,” नकाशेवाली म्हणाली. “माझ्या नकाशात चूक आहे.”

सभागृहात हशा उसळला.

“आता कळली चूक! कोप झाल्यावर!”

“घरी बसवा हिला!”

“बाईंनी फक्त नकाशा धरायचा,” उपाध्यक्ष म्हणाले. “सभेचा वेळ...”

“दुरुस्ती आहे. नियमात आहे. बोलू द्या,” अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं. “काय चूक?”

“सांगते. पण चूक केवढी आहे ते ठरवायला महाराजांना एक विचारायचं आहे. मातीला हद्द कळते, असं आपण म्हणालात. थोडीफार इकडेतिकडे होत असेल ना?”

महाराज दयेने हसले. “बाई, माणूस चुकतो. माती इंचभरही चुकत नाही. चारी कोपऱ्यांनी साक्ष दिली, गावाने पाहिलं.”

“इंचभरही नाही?”

“केसभरही नाही!”

टाळ्या पडल्या. तिने त्या ओसरू दिल्या. तिने हात फळ्याच्या चौकटीला टेकवले.

“मग लिहून घ्या. मी जुना नकाशा उतरवला. त्यात पूर्वेची हद्द बारा मीटर बाहेर गेली आहे. खरी हद्द टाकीच्या सोळा पावलं आत आहे. दगड तिथे आहे, कोणीही जाऊन बघावं. म्हणजे पूर्वेचे जे दोन कोपरे रविवारी उकळले, ते भूखंडात नाहीतच. ते रस्त्यात आहेत. पाळणाघराचा राग मातीला रस्त्यात आला.”

कुजबूज झाली. महाराजांनी नळी सावरली. “रागच तो. पसरतो.”

“पसरतो? मग टाकीपलीकडे दोन पावलांवर पाणी ओतलंत तिथे का नाही पसरला? पसरत पसरत नेमका माझ्या पेन्सिलीच्या रेघेपर्यंत आला आणि थांबला?” ती सदस्यांच्या टेबलाकडे वळली. “ही चूक जमिनीवर कुठेच नाही. ती फक्त सात कागदांवर आहे, आणि ते सात कागद या समितीच्या सात सदस्यांकडे आहेत. मातीने त्यांतला कोणाचा कागद वाचला?”

सहा सदस्यांनी नकळत सातव्याकडे बघितलं. उपाध्यक्ष उभे राहिले. “हे आरोप आहेत! ही दुरुस्ती नाही!”

“खोटारडी!” मागून कोणीतरी ओरडलं. “मग वाफ कुठून आली? आम्ही काय आंधळे?”

“नाही. तुम्ही बघितलं ते खरंच होतं. वाफ खरी, आवाज खरा. खोटं होतं ते त्याचं भाषांतर.”

तिने पिशवीतून काचेचा वाडगा आणि दुधाच्या पावडरचा डबा काढला. अध्यक्षबाईंच्या समोर वाडग्यात दोन पांढरे खडे ठेवले, त्यांच्याच पेल्यातलं पाणी वरून ओतलं आणि ती मागे झाली.

काही झालं नाही.

सभागृह वाट बघत राहिलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं. महाराजांचा चेहरा उजळला. ते उठून म्हणाले, “माती विचार करते...”

“विचार नाही करत,” ती म्हणाली. “भिजतोय. नऊ श्वास त्यालाच लागतात.”

सुर्रऽऽ.

वाडगा खदखदला, पाणी पांढरं झालं, वाफ पंख्यापर्यंत गेली. अध्यक्षबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

“हे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे,” नकाशेवाली म्हणाली. “खाली फरशी, फरशीखाली पोस्टाची खोली. इथे कोणती माती रागावली? हा कळीचा चुना आहे. टाकीजवळच्या कोपऱ्यात वीतभर खाली पुरला होता, तिथूनच काढला. एकदा भिजला की संपला, पुन्हा तापत नाही. म्हणून महाराजांची माती एकदाच बोलते. रविवारी कुंपणावरच्या एका मुलाने बरोबर प्रश्न विचारला होता, आणि आपण सगळे त्यालाच हसलो.”

तेवढ्यात दाराशी उभे असलेले कोठारवाले काका, नगर परिषदेच्या सामानाची किल्ली ज्यांच्या कमरेला असते ते, पुढे झाले. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं.

“हा तर आपल्याच कोठारातला. उपाध्यक्षसाहेबांनी गेल्या पंधरवड्यात चिठ्ठी पाठवली होती. तीन पोती. सभागृहाच्या भिंती रंगवायला.”

सगळ्या माना भिंतींकडे वळल्या. नेमक्या त्याच वेळी एक पोपडा सुटून खाली पडला.

“म्हणजे भिंतींऐवजी आम्हालाच चुना लावला की हो!” जिन्यावरून एक आवाज आला, आणि हशा फुटला. या वेळी हशा दुसऱ्या बाजूने आला होता. महाराजांनी नळी खिशात कोंबली आणि ते मातीचा निरोप घेतल्यासारखे दाराकडे निघाले, पण दारात फळवाली उभी होती. पोर कडेवर घेऊन.

“थांबा की, महाराज,” ती म्हणाली. “माझ्या पायांचं भाषांतर करून जा.” तिने पाऊल पुढे केलं. रविवारी ती अनवाणी पहिल्या रांगेत होती. तळवा भाजून सोलला होता.

*

ठराव पडला. तीन विरुद्ध चार. चार आणि तीन यांत फार अंतर नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उपाध्यक्षांची चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी नकाशेवालीलाही निष्काळजीपणाबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. तिने नोटिशीवर सही केली, कारण चूक खरी होती.

आणि गाव एकदम शहाणं झालं, असंही नाही. दुकानदारांनी बरेच दिवस तिला नीट सुट्टे दिले नाहीत. आपण फसलो याचा राग माणूस फसवणाऱ्यावर कमी आणि डोळे उघडणाऱ्यावर जास्त काढतो. तरीही सांगायला हवं ते सांगायलाच हवं. नवल दिसलं की हात जोडायच्या आधी तोंड उघडावं. हे पुन्हा करून दाखवता का, असं विचारावं. दुसऱ्या जागी होईल का, असं विचारावं. यात कोणाचा फायदा आहे, ठरावाचा कागद कोणाच्या खिशात आहे, असं विचारावं. जे खरं असतं ते दहा वेळा विचारलं तरी चिडत नाही. आणि विचारणारा कुंपणावर बसलेलं कार्टं असलं, तर आधी त्याचं ऐकावं.

सभेनंतर त्या चौघी जिना उतरत होत्या. फळवाली पुढे, खाली मान घालून. पहिल्या पायरीशी थांबून ती एवढंच म्हणाली, “ताई, खिडक्या हातभरच ठेवा.” नकाशेवालीने मान हलवली. सासूबाईंनी काहीतरी तिखट बोलायची तयारी करून ठेवली होती, ती गिळली आणि फळवालीच्या पायाला लावायचं मलम कुठे मिळतं ते सांगितलं.

बाळ आईच्या खांद्यावर झोपलं होतं. बिट्टी मात्र गप्प होती. ती गप्प असली की मोरीतल्या मगाइतकीच भीती वाटायची.

“काय झालं गं?”

“काही नाही.” दोन पायऱ्या गेल्या. “आई, तुझी चूक झाली म्हणून आपल्याला कळलं ना? तो कुठला कागद बघून खड्डे करतोय ते?”

“हो.”

“म्हणजे नाहीतर नुसता चुना सापडला असता, पण तो म्हणाला असता, मी नाही पुरला.”

“हो, तसंच म्हणाला असता.”

बिट्टी अजून एक पायरी उतरली. मग थांबून तिने वर बघितलं.

“मग तू नकाशा बरोबर काढला असतास तर?”